फळ्या कुणाच्या पायांत होत्या

मानवाच्या इतिहासात काही क्षण असे येतात, की त्यांच्यानंतर मानव पूर्वीचा राहत नाही. अग्नीचा शोध, चाकाचा शोध, आणि ९ मार्च १८९४ रोजी दुपारी दोन वाजता प्रोफेसर आल्बान रुडिगर यांनी दोन लाकडी फळ्यांवर उभे राहून राबेनयोख खिंडीतून ग्राउटाल गावापर्यंत मारलेली घसरण, हे त्यांपैकी तीन होत.

निदान ग्राउटालच्या प्रत्येक हॉटेलात न्याहारीच्या टेबलावर, जॅमच्या बरणीखाली ठेवलेल्या माहितीपत्रकात तसे छापलेले होते. खिंडीच्या पलीकडे वाइसबाख नावाचे गाव आहे. तिथल्या माहितीपत्रकातही अग्नी आणि चाक होतेच. तिसरा क्षण मात्र १८९३ सालचा होता आणि माणूस दुसरा होता.

आल्प्समधल्या ग्राउटालचा इतिहास थोडक्यात असा. आधी तिथे गाई होत्या. मग कोरडी हवा फुप्फुसांना मानवते म्हणून क्षयरोगी आले. मग क्षयावर औषध निघाले, खोल्या रिकाम्या पडल्या, आणि उन्हाच्या गॅलऱ्या तयारच आहेत तर कुणीतरी बसायला हवे म्हणून स्की खेळणारे आले. त्यांच्यासाठी दातेरी रुळांची आगगाडी झाली, तीन रज्जुमार्ग झाले, बर्फावर घसरण्याचे मैदान झाले आणि तीन हजार मीटर उंचीवर घड्याळांचे दुकान झाले. २०४४ साली, म्हणजे ही हकिगत घडली तेव्हा, चौऱ्याहत्तर किलोमीटरच्या उतारांपैकी नऊ किलोमीटर उरले होते आणि त्यांवरही हिमतोफांनी उडवलेला बर्फ अंथरावा लागे. भारतीयांच्या सहलीच्या बसगाड्या येत. प्रवाशांना बर्फासाठी चाळीस मिनिटे मिळत. त्यातली वीस वरच्या स्थानकावर गरम पोहे खाण्यात जात, आणि परतल्यावर बहुतेकांच्या लक्षात पोहेच राहत.

पर्यटन मंडळाचे संचालक गिडियोन फुक्स यांनी यातून एक सिद्धान्त काढला होता. बर्फाला शून्याखाली तापमान लागते. इतिहासाला कोणतेही चालते. म्हणून बर्फ जसजसा कमी होईल तसतसा इतिहास वाढवत नेला पाहिजे. रुडिगर यांच्या घसरणीला त्या वर्षी दीडशे वर्षे होत होती. खिंडीच्या माथ्यावर जुन्या बर्फाचा एक तुकडा अजून शिल्लक होता. हिमनदीसारखा वाहत न जाता तो भांड्यातल्या दह्यासारखा जागच्या जागी बसलेला होता. त्याच्या पोटात रुडिगर यांची मूळ रेघ सापडली, तर बर्फात बोगदा खणून, निळा दिवा लावून ती लोकांना दाखवायची आणि वाइसबाखला कायमचे गप्प करायचे, असा त्यांचा बेत होता. हवामानवाल्यांच्या मते तो तुकडा फार तर दोन उन्हाळे टिकणार होता.

या कामासाठी पुण्याच्या हिमविज्ञान प्रयोगशाळेतून दोघे जण आले. पुण्यात हिम नसल्यामुळे तिथल्या संशोधकांना त्याचा अभ्यास शांतपणे करता येतो. डॉ. सुलक्षणा मोहरील मूळच्या अमरावतीच्या, वय बावन्न, बोलणे मोजके. यंत्र बनवणारे हणमंत सपकाळ कराडचे. अंगाने सडपातळ, आणि उंचीची भीती असूनही आयुष्यभर डोंगरांवरच नेमणूक झालेले. यंत्राचे नाव हिमस्मृतिवाचक. माथ्यावरच्या लाकडी झोपडीत प्रयोगशाळा थाटून झाल्यावर फुक्स पाहायला आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांनी न बोलावलेली एक बाईही आली.

ती रोझविता. वय अडुसष्ट, गावाच्या टोकाला नऊ खोल्यांचे गेस्टहाऊस चालवणारी. दोघे शास्त्रज्ञ तिच्याकडेच उतरले होते. ती सुपाचा डबा घेऊन आली होती, पण डबा हे निमित्त होते.

फुक्सनी विचारले, की दीडशे वर्षांपूर्वीची रेघ बर्फात राहीलच कशी? वर इतका बर्फ पडला, दाबला गेला, सगळा एकजीव झाला असणार.

मोहरीलबाईंनी भाकरीचे उदाहरण दिले. भाकरी थापताना एखाद्या ठिकाणी अंगठा जोरात दाबला गेला, तर तव्यावर ती तेवढ्या जागी फुगत नाही. अंगठा निघून जातो, न फुगण्याची जागा राहते. ताज्या बर्फात हवा असते. त्यावर पाऊल पडले की पावलाखालची हवा निघून जाते. मग वर कितीही थर साचोत, सगळ्याचा दगडासारखा बर्फ होवो, पावलाखालच्या जागी हवेचे बुडबुडे कमीच राहतात. यंत्र बर्फाच्या आरपार ध्वनिलहरी सोडते आणि बुडबुडे मोजते. किती जागेत किती हवा कमी झाली, यावरून दाब निघतो, दाबावरून वजन.

सपकाळ म्हणाले, शिवाय माणूस गरम असतो. एका जागी थांबला की खालचा बर्फ किंचित वितळतो आणि पुन्हा गोठतो. त्या थराची जाडी मोजली की किती वेळ थांबला होता ते कळते.

“म्हणजे कोण, ते कळत नाही,” फुक्स म्हणाले.

“नाव कळत नाही. बाकी कळतं.”

फुक्सना नमुना हवा होता. सपकाळांनी गेल्या वर्षीचा थर पडद्यावर घेतला आणि उपाहारगृहाच्या मागच्या भिंतीपाशी नेला. तिथे एकशे चार किलो वजनाचा एक माणूस संपूर्ण हिवाळाभर दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी अकरा मिनिटे, भिंतीकडे पाठ करून उभा राहत असे. डावा पाय उजव्यावर टेकवण्याची त्याला सवय होती. पडद्याकडे पाहताना फुक्स अगदी तसेच उभे होते. त्यांनी डावा पाय हळूच खाली ठेवला आणि ही माहिती घरी, विशेषतः त्यांच्या पत्नीला, कळण्याचे काही कारण नाही, असे सांगितले. त्यांनी सिगरेट सोडल्याला त्या महिन्यात चार वर्षे होत होती.

यंत्रावर त्यांचा पूर्ण विश्वास बसला.

फुक्स गेल्यावर रोझविता मागे थांबली. तिने सूप वाढले आणि मग हकिगत सांगितली. तिची पणजी क्रेसेंझ ही भारवाहक होती. डोंगरावरच्या गोठ्यांतून चीजच्या चाकाएवढ्या जाड चकत्या पाठीवरच्या लाकडी चौकटीत बांधून खाली आणायच्या, हे तिचे काम. प्रोफेसर रुडिगर खिंडीत गेले तेव्हा त्यांच्या परदेशातून मागवलेल्या फळ्या वाहायला तीच बरोबर होती. तेवढे प्रोफेसरांच्या पुस्तकातही आहे, तळटिपेत. पुढे म्हातारपणी, अंथरुणाला खिळल्यावर, क्रेसेंझ आपल्या लेकीला एकच वाक्य बोलली: त्या दिवशी फळ्या माझ्या पायांत होत्या. लेकीने ते शेजारणीला सांगितले. तिथून पुढे गावात कुणी थाप मारली, की ऐकणारा म्हणू लागला, “हो, आणि क्रेसेंझही उतरली.” शाळेत मास्तर म्हणत. दुकानात उधारीवाल्याला म्हणत. रोझविताच्या लग्नात तिचा दीर भाषणात म्हणाला होता आणि लोक टाळ्या वाजवून हसले होते.

“चार पिढ्या,” रोझविता म्हणाली. “माझ्या मुलीला तिचे बचाव पथकातले सोबती अजून म्हणतात. मला एकदा कळू दे. खोटं असलं तर तसं सांगा, मीही हसेन. पण दोन उन्हाळ्यांनी विचारायला जागाच उरणार नाही.”

मोहरीलबाई म्हणाल्या, की बर्फाला कुणाची बाजू नसते. जे असेल ते आधी तिला सांगू.

“सूप आवडलं नाही का?” रोझविताने सपकाळांना विचारले.

“आवडलं,” सपकाळ म्हणाले. “जरा तिखट चाललं असतं.”

एकोणिसाव्या दिवशी १८९४ चा थर सापडला. त्या हिवाळ्यात वाळवंटातली पिवळी धूळ वाऱ्याने येऊन आल्प्सवर पडली होती आणि रुडिगर यांनी पुस्तकात तिची नोंद केली होती. त्यामुळे तारखेविषयी शंका नव्हती. पिवळ्या थराच्या बोटभर वर फळ्यांची जोडरेघ स्पष्ट दिसत होती. माथ्यावरून निघून, तीन वळणे घेऊन ती गावाच्या दिशेने जात होती. त्या थरात घसरणीची दुसरी रेघ नव्हती. एकच होती.

फुक्सनी झोपडीत शॅम्पेन आणली. रोझविता दाराशी उभी होती. सपकाळांनी वजनाचा आकडा काढला आणि बाटली उघडायची राहिली.

रेघेवरचे वजन एकशे अडतीस किलो होते.

गावच्या संग्रहालयात रुडिगर यांचा कोट आहे. तो एखाद्या शाळकरी मुलाचा वाटतो. शिवाय बुटांसकट आपले वजन अवघे सहासष्ट किलो असल्याचे आणि त्यामुळेच ही कामगिरी शक्य झाल्याचे त्यांनी पुस्तकात दोनदा लिहिले आहे. फुक्स म्हणाले, उपकरणे असतील. शास्त्रज्ञ माणूस, बरोबर उपकरणे असणारच. मोहरीलबाईंनी दाखवून दिले, की पुस्तकाप्रमाणे उपकरणांची पेटी आदल्या दिवशीच दरीत पडली होती आणि त्या दुःखावर एक संपूर्ण प्रकरण आहे.

मग रोझविता बोलली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त एक हात दाराच्या चौकटीवर होता. भारवाहकाच्या पाठीवर सत्तर किलो चीज असायचे. बाई साठ-बासष्ट किलोची. चौकट आणि फळ्या धरा. किती होतात?

तेवढेच होत होते. फुक्स खाली बसले. पंधरा मिनिटे झोपडीत असे वातावरण होते, की जणू त्यांच्या घरातलेच कुणी गेले.

पण सपकाळ पडद्यावरून डोळे काढत नव्हते. त्यांनी रेघेचे पहिले वळण मोठे करून पाहिले, मग दुसरे, मग पुन्हा पहिले. कराडच्या माणसाला काही खटकले की तो आधी गप्प होतो. मोहरीलबाईंना हे माहीत होते. त्यांनी विचारले, “काय झालं, हणमंतराव?”

“मॅडम, हे चीज हलतंय.”

त्यांचे म्हणणे असे होते. पाठीवरचे निर्जीव ओझे माणसाबरोबर झुकते. माणूस डावीकडे वळला की तेही डावीकडे जाते. या रेघेत तसे नव्हते. डावे वळण आले की वजनातला सुमारे निम्मा भाग उजवीकडे सरकत होता. उतार तीव्र झाला की मागे जात होता. तिसऱ्या वळणावर तर तो आधी उजवीकडे, मग मागे, आणि मग एकदम पुढे आला होता, म्हणजे वाहणाऱ्याच्या मानेला घट्ट धरल्यावर येईल तसा.

“चीज घाबरत नाही,” सपकाळ म्हणाले.

मोहरीलबाईंनी त्याच थरात माथ्यापर्यंत चढून आलेली पावले शोधायला सांगितले. ती तासाभरात सापडली. दोन माणसे चढून आली होती. एक बहात्तर किलोचे. रुंद, साध्या तळव्याचे बूट, डावे पाऊल जरा आत वळणारे. दुसरे खिळ्यांच्या बुटांचे, सहासष्ट किलोचे. बहात्तर आणि सहासष्टची बेरीज चौथीतल्या मुलालाही जमली असती, म्हणून कुणी ती मोठ्याने केली नाही.

खिळ्यांचे बूट उताराच्या कडेपर्यंत आले होते आणि तिथे थांबले होते. कडेपासून चार पावले मागे बर्फात एक बैठक उमटली होती. खालचा पुन्हा गोठलेला थर जाड होता. सहासष्ट किलो वजनाची व्यक्ती तिथे सत्तेचाळीस मिनिटे बसून राहिली होती. तेवढ्या वेळात साधे बूट तिच्याभोवती सहा वेळा फिरले होते, एकदा थोडे दूर जाऊन खडकावर टेकले होते, परत आले होते, आणि शेवटी बैठकीला पाठ करून गुडघ्यावर वाकले होते. त्यानंतर त्या थरात खिळ्यांचा बूट कुठेही नव्हता.

फुक्स व्यवसायाने आशावादी होते. त्यांनी सुचवले, की एका सभ्य गृहस्थाने दमलेल्या महिलेला पाठीवर घेऊन खाली आणले, असाही याचा अर्थ होऊ शकतो. किंबहुना तो अधिक सुंदर आहे. सपकाळांनी रेघेची डावी फळी दाखवली. ती उतरताना सतत आतल्या कडेवर दाबली जात होती. आत वळणारे डावे पाऊल साध्या बुटांचे होते.

“म्हणजे प्रोफेसर खोटं बोलले,” फुक्स म्हणाले. “चौदा आवृत्त्या.”

त्यांनी खिशातून पुस्तक काढून ते वाक्य वाचले. ‘दुपारी दोन वाजता मी माथा सोडला, आणि लाकडी फळ्यांवरून तेरा मिनिटांत ग्राउटालला पोहोचलो.’

मोहरीलबाईंनी ते पुन्हा वाचायला लावले. मग त्यांनी आपल्या अमरावतीच्या आत्याची गोष्ट सांगितली. आत्या एकसष्टाव्या वर्षी गिरनार करून आली. परतल्यावर वीस वर्षे ती सगळ्यांना तो प्रवास ऐकवत असे: कितव्या पायरीला धाप लागते, कुठे वारा अंगावर येतो, कुठे खाली बघायचे नाही, वर गेल्यावर कसा सगळा शीण जातो. ऐकणाऱ्याच्या पोटऱ्या दुखू लागत. तेराव्याला फोटो बाहेर काढले तेव्हा घरच्यांना कळले, की आत्या सगळा डोंगर डोलीतून चढली होती. पुढे एक माणूस, मागे एक माणूस. धाप त्यांना लागली होती.

“आत्या खोटं नाही बोलली कधी,” मोहरीलबाई म्हणाल्या. “तिनं गिरनार केला. आमच्याकडे असंच म्हणतात. तुमचे प्रोफेसर माथ्यावरून निघाले, फळ्यांवरून आले, गावात पोहोचले. यातलं काय चुकलंय?”

फुक्सनी वाक्य तिसऱ्यांदा वाचले. त्यात काहीच चुकले नव्हते.

रोझविता आता पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. तिने बोटाने ती आत दाबलेली डावी फळी माथ्यापासून शेवटच्या वळणापर्यंत गिरवली. मग आपल्या डाव्या बुटाकडे पाहिले. तोही जरा आत वळलेला होता. गावातल्या चांभाराकडे तिची त्याबद्दल चाळीस वर्षे तक्रार होती.

“फळ्या तिच्या पायांत होत्या,” ती म्हणाली.

“हो,” मोहरीलबाई म्हणाल्या.

“बस. तिनं तेवढंच सांगितलं होतं.” मग शॅम्पेनच्या बाटलीकडे हात करून ती फुक्सना म्हणाली, “उघडा आता. विकत आणलीच आहे तर.”

फुक्सनी बाटली उघडली, पण ते प्यायले नाहीत. ते खाली गेले आणि पूर्ण एक दिवस दिसले नाहीत. अहवाल दडपला जाईल, अशी रोझविताला भीती वाटली. सपकाळांनी तिला समजावले, की करारानुसार सर्व मोजमापे सर्वांसाठी खुली राहणार आहेत. पण भारतातले करार तिने पाहिलेले नव्हते आणि सपकाळांनी पाहिले होते, त्यामुळे समजावताना त्यांचाही आवाज फारसा ठाम नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फुक्स चढून आले. धापा टाकत त्यांनी एकच प्रश्न विचारला: पाठंगुळीला माणूस घेऊन स्की करायला कायद्याने मनाई आहे का?

नव्हती. कायदा करणाऱ्यांच्या हे डोक्यातच आले नव्हते.

त्यांनी रात्रभर सगळा हिशोब मांडला होता. एकट्याने खिंड उतरलेला माणूस वाइसबाखकडेही आहे. त्याच्याही हातात काठी, त्याचीही दाढी. पण सत्तेचाळीस मिनिटे घाबरून बसलेला प्रोफेसर आणि त्याला पाठीवर घेऊन तेरा मिनिटांत खाली आणणारी बाई आल्प्समध्ये दुसऱ्या कुणाकडेही नाही. शिवाय स्की न येणाऱ्यांची संख्या येणाऱ्यांपेक्षा कितीतरी पटीने जास्त आहे, आणि आजवर या माणसांना गॅलरीत बसण्यापलीकडे काही करता येत नव्हते. आता त्यांनाही ऐतिहासिक पद्धतीने उतरता येईल.

पुतळ्याचा प्रश्न सोपा निघाला. चौकातला रुडिगर उजवा हात लांब करून दरीकडे बोट दाखवत उभा होता. त्याला चौथऱ्यावरून काढले, गुडघ्यांत जरा वाकवले आणि क्रेसेंझच्या नव्या पुतळ्याच्या पाठीवर बसवले. हात तसाच ठेवावा लागला. पूर्वी तो हात भविष्याकडे निर्देश करत असे. आता प्रोफेसर तिला पुढच्या वळणाला उजवीकडे घ्यायला सांगत आहेत असे वाटे, आणि क्रेसेंझच्या चेहऱ्यावर हे आपल्याला माहीत असल्याचा भाव होता.

९ मार्चच्या समारंभात दर वर्षी पर्यटन मंडळाचे संचालक रुडिगर यांच्या वेषात माथ्यावरून उतरत. हा रिवाज नव्वद वर्षांचा होता. आता तो अचूक करायचा म्हणजे सहासष्ट किलोचा माणूस हवा. फुक्स एकशे चार होते. मंडळाचे सगळे सदस्य ओळीने काट्यावर उभे राहिले. कुणीच नव्वदच्या खाली नव्हते. शेवटी सगळ्यांच्या नजरा सपकाळांकडे वळल्या. त्यांचे वजन सदुसष्ट होते. त्यांनी उंचीची भीती, पाठदुखी आणि प्रयोगशाळेचे नियम ही कारणे याच क्रमाने सांगितली. मोहरीलबाई म्हणाल्या, की प्रयोगाची पुनरावृत्ती व्हायलाच हवी आणि नियमांचे त्या बघतील.

९ मार्चला ऊन लख्ख होते. बँड होता, शाळेची मुले होती, दोन बसगाड्या भरून आलेली मराठी मंडळी होती. त्यांच्या गाइडने चाळीस मिनिटांची घोषणा केली होती, पण कुणी जागचे हलत नव्हते. रोझविताची मुलगी अॅनेलीस, डोंगरी बचाव पथकातली, खांद्यांनी दार भरून टाकणारी बाई, खापरपणजी क्रेसेंझच्या वेषात माथ्यावर उभी राहिली. तिच्या पाठीवरच्या चौकटीत, प्रोफेसरांची हॅट घालून, हणमंत सपकाळ बसले होते. ते सत्तेचाळीस मिनिटे बसून राहिले नाहीत याचे एकमेव कारण असे, की त्यांना कुणी विचारले नाही.

ती निघाली. पहिल्या डाव्या वळणाला सपकाळ उजवीकडे झुकले. उतार वाढला तेव्हा मागे गेले. तिसऱ्या वळणावर त्यांनी दोन्ही हातांनी अॅनेलीसची मान धरली आणि कराडकडच्या एका ग्रामदैवताचे नाव घेतले. खालून पाहणाऱ्या मोहरीलबाईंनी वहीत तीन खुणा केल्या. तिन्ही जागा जुळत होत्या.

खाली गर्दीत एक ठाणेकर बाई नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, पाठीवरचे आपल्यातलेच दिसतायत.” मग त्यांनी गाइडला विचारले, की ही पाठंगुळी पॅकेजमध्ये आहे की वेगळी. गाइड फोन लावायला गेला. तोपर्यंत बसगाडीतली निम्मी मंडळी रांगेत उभी होती, आणि रांगेत आपला नंबर कुणाच्या पुढे यावरून पहिले भांडण मराठीतच झाले.

सपकाळांना चौकटीतून सोडवायला दोघे लागले. पाय जमिनीला लागल्यावर त्यांनी आधी हॅट काढली, मग अॅनेलीसला वाकून नमस्कार केला. रोझविताने त्यांच्या हातात सुपाचा वाडगा दिला. त्यात तिने मिरची घातली होती.

त्याच संध्याकाळी ती पाव आणायला बेकरीत गेली. तिच्या पुढे एक गृहस्थ उभे होते, गावातलेच, साठीचे. बेकरीवाला त्यांना सांगत होता, की त्याचा मुलगा एका दिवसात सात वेळा खिंड उतरला. गृहस्थ सवयीने म्हणाले, “हो, आणि क्रेसें...” आणि थांबले. मागे वळून त्यांनी रोझविताला पाहिले. ते पाव न घेताच बाहेर पडले. रोझविताने त्यांचाही पाव घेतला आणि वाटेत त्यांच्या खिडकीच्या पट्टीवर ठेवून दिला. घरी येईपर्यंत तिला हसू आवरत नव्हते.

कराराचे तीन दिवस उरले होते. सपकाळ आता खिंड उतरलेले इसम असल्यामुळे गावात त्यांना कॉफी फुकट मिळत असे. तरी ते माथ्यावर परत गेले, कारण यंत्र चालू होते आणि खाली अजून बर्फ होता. तोपर्यंत १८९४ च्या खालचे थर कुणी पाहिलेच नव्हते. पाहायला कुणी सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मोहरीलबाईंना बोलावले आणि मोहरीलबाईंनी, दिलेल्या शब्दाप्रमाणे, आधी रोझविताला बोलावले. पडद्यावर १८७१ चा थर होता. त्यात फळ्यांच्या अकरा जोडरेघा होत्या. १८५० मध्ये एकोणीस. १८११ मध्ये चौतीस, काही इतक्या घासलेल्या की रोजची वाट असावी. प्रत्येकीवर एकशे तीसच्या आसपास वजन, आणि डाव्या वळणाला ते डावीकडेच जात होते.

रोझविताने रेघा मोजल्या. तिला धक्का बसेल असे दोघांना वाटले होते. ती म्हणाली, “मग? हिवाळ्यात चीज खाली कसं जायचं?”

“म्हणजे हे गावाला माहीत होतं?” मोहरीलबाईंनी विचारले.

“कामाला जाताना माणूस कशावरून गेला, हे कोण लिहून ठेवतं?” ती थोडा वेळ पाहत राहिली. “पण मग ती म्हातारपणी फळ्यांचं का बोलली? रोजचंच होतं की.”

सपकाळांनी १८९४ चा थर पुन्हा वर घेतला. तीच खिंड, तीच वळणे, तेच वजन. “नवीन एवढंच घडलं होतं,” ते म्हणाले, “की या खेपेला पाठीवरच्या ओझ्याला लिहिता येत होतं.”

ही नोंद अहवालाच्या त्रेचाळिसाव्या पानावर आहे. चौकातल्या चौथऱ्यावरचा फलक काशाचा आहे, त्यावर ‘जगातील पहिली’ असे लिहिलेले आहे, आणि तो आदल्या आठवड्यातच ओतून झाला होता.